वडील ‘एच’च्या खणात सापडले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचं आडनाव शिरोडकर. देवनागरीत लिहिलं की विषय संपला. रोमी लिपीत मात्र आमच्या घरच्या कागदांवर ते पाच तऱ्हांनी लिहिलेलं आहे. त्यातली पाचवी तऱ्हा गेल्या पावसाळ्यात एका सरकारी संगणकात मला पहिल्यांदा भेटली, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. जागा नसेल तर कात्री लावा, फक्त मधला आकड्यांचा भाग तेवढा ठेवा.

घडलं ते असं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण घराचं इन्व्हेंतार, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं कोर्टाचं काम, करायचं राहून गेलं होतं. घर अजून आजोबांच्या नावावर. वकील म्हणाले, आजोबा आणि वडील यांना जोडणारा कागद हवा, वडिलांच्या जन्माचं सेर्तिदांव, म्हणजे दाखला, काढून आणा. वडिलांचा जन्म 1926चा. म्हणजे पोर्तुगालात 1910 साली राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, त्यानंतर आपल्या गोव्यात जी रेजिस्त सिव्हिल, म्हणजे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी, बसली तिच्या पुस्तकात नोंद असणार. ख्रिस्ती कुटुंबांचं बरं, त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या इगर्जीत (चर्चमध्ये) त्याच्याही कितीतरी आधीपासूनच्या. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांतल्या, आम्हा हिंदूंना मात्र त्याच्या मागे जायचं तर देवळं, कोमुनिदादी (गावकऱ्यांच्या जमीन सांभाळणाऱ्या संस्था) आणि मोडी कागद, एवढाच आधार.

कचेरीचं नाव घेत नाही, कारण तिथली मुलगी स्वभावाने चांगली होती आणि चूक तिची नव्हती. तिने संगणकात ‘एसएच’ने शिरोडकर टाकलं. नाही. मी म्हटलं, बाय, ‘एक्स’ने बघ. नाही. नुसत्या ‘एस’ने बघितलं तर एक सापडला, तो दुसऱ्याच वाड्यावरचा. ‘सीएच’नेही झालं. ती म्हणाली, “काका, नोंदच नाही. नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि कोर्टात जा.” बाहेर पाऊस कोसळत होता आणि माझ्या मागे सातआठ माणसं उभी होती. तरी मी हटलो नाही. म्हटलं, मूळ पुस्तक दाखव.

अर्ज, फी, दोन खेपा. तिसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर आलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. शेवटची पानं सूचीची, आणि ती सूची आडनावांची नव्हतीच, नावांची होती. जुन्या पोर्तुगीज वह्यांत ही पद्धत सर्रास दिसते. ‘एन’च्या पानावर ‘नाराना’ अकरा होते. (आपल्या नारायणातला ‘य’ त्या लेखनिकांनी कायमचा खाल्ला. यशवंताचा तर ‘एस्वोंता’ केला.) सातव्या नारानासमोरचा आकडा धरून पान उघडलं, तर बापाचं नाव ‘विष्णुम’, गाव बरोबर, वाडाही बरोबर, आणि आडनाव स्वच्छ ‘एक्स’ने सुरू होणारं. एक्स, आय, आर, ओ, डी, सी, ए, आर. जुन्या वळणदार हस्ताक्षरातला मोठा ‘एक्स’ म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेले दोन कंस. मी त्यावर बोट ठेवलं आणि मुलीला म्हटलं, आता हाच नोंदणी क्रमांक संगणकात घाल.

पडद्यावर आलं : नारायण हिरोडकर.

‘एक्स’चा झाला होता ‘एच’. ते मी समजू शकतो, ते दोन कंस मधे चिकटले की ‘एच’सारखे दिसतात. कंत्राटावरच्या पोराला दिवसाला इतक्या नोंदी टाकायच्या असतील. पण मला खटकलं ते पुढचं. पुस्तकातल्या ‘सी’चा त्याने ‘के’ केला होता, आणि ‘नाराना’चा ‘नारायण’. म्हणजे एक अक्षर डोळ्यांनी चुकलं आणि बाकीचं त्याने सुधारलं! आपल्याला आज बरोबर वाटतं तसं. नोंद अर्धी चुकलेली आणि अर्धी सुधारलेली, त्यामुळे ती जुन्या स्पेलिंगनेही सापडेना आणि नव्यानेही सापडेना.

मी टपाल खात्यात 1971 साली लागलो आणि 2010 साली निवृत्त झालो. त्यातली निम्मी वर्षं सॉर्टिंगला. मी लागलो तेव्हा पिनकोड नव्हता, तो 1972च्या 15 ऑगस्टला आला. लिस्बन, नैरोबी, मोझांबिकातलं लॉरेन्सो मार्किश इथून पत्रं यायची, जुन्या पोर्तुगीज वळणाने पत्ते घातलेली. पणजीचं ‘पांजिम’, मडगावचं ‘मारगांव’, म्हापशाच्या ‘सी’ला खाली शेपटी. आमचं फोंडा तर आजही रोमीत ‘पी’नेच लिहितात आणि तोंडाने ‘फ’ म्हणतात, कोणाचं काही बिघडत नाही. आमचे जुने हेडसॉर्टर पोर्तुगीज अमदानीतले. नव्या पोराला पहिल्या दिवशी ते एकच सांगायचे, “दोळ्यांनी वाचूं नाका, तोंडान वाच.” मोठ्याने म्हटलं की पत्ता लागतो. ‘कामोतीं’ म्हणजे कामत, ‘पोरोबो’ म्हणजे प्रभू, ‘नाइक’च्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ आलं म्हणजे आपला नाईकच, ‘झेड’ने ‘झोयशी’ लिहिलं म्हणजे जोशी. पोर्तुगीज ‘एक्स’चं नावच मुळी ‘शीश’. ते अक्षर आमचा ‘श’ आहे हे त्याच्या नावातच आलं. ‘सीएच’ त्यांच्याकडे कधी ‘च’, कधी ‘श’. आणि ‘के’ जवळजवळ नव्हताच. 1911 साली त्यांनी आपल्या भाषेचं शुद्धलेखन बदललं, त्यात ‘के’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ ही अक्षरं परकी नावं सोडून बाकी बाद झाली, दुहेरी व्यंजनं बहुतेक एकेरी झाली, ‘पीएच’ गेला. त्यामुळे एकाच घरातल्या थोरल्याच्या कागदावर ‘सिनाय’च्या (म्हणजे शेणवीच्या) शेवटी ‘वाय’ आणि धाकट्याच्या कागदावर ‘आय’ दिसला, तर भाऊ सावत्र होते असं समजू नये. मग 1961चा डिसेंबर आला, इंग्रजी शाळा आल्या, आणि आमच्या पिढीला ‘एसएच’ आणि ‘के’ मिळाला.

आमच्या घराचा हिशेब सांगतो. घराच्या मात्रीजीवर, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीत, आजोबा ‘एस’ने. वडिलांचा जन्म ‘एक्स’ने. काका मोझांबिकला गेले, त्यांच्या पासपोर्टावर ‘सीएच’. मी ‘एसएच’. आणि संगणकातले वडील ‘एच’.

आता आकड्यांचा भाग. माझी भाची संगणकाचं काम करते. तिने मला साउंडेक्स म्हणून एक युक्ती दाखवली. ही अमेरिकेतली, रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने 1918 साली पेटंट घेतलेली. पुढे 1930च्या दशकात तिथल्या सरकारने बेकारांना काम म्हणून बसवलेल्या कारकुनांनी जुन्या जनगणनेची लाखो कार्डं याच पद्धतीने लावली, कारण त्यांच्याकडेही एकाच आडनावाची दहा स्पेलिंगं होती. रीत सोपी आहे. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं. पुढचे स्वर गाळायचे, ‘एच’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ही गाळायचे. उरलेल्यांना गटाप्रमाणे आकडे : ‘बी’, ‘एफ’, ‘पी’, ‘व्ही’ला 1, ‘सी’, ‘जी’, ‘जे’, ‘के’, ‘क्यू’, ‘एस’, ‘एक्स’, ‘झेड’ या सगळ्यांना 2, ‘डी’ आणि ‘टी’ला 3, ‘एल’ला 4, ‘एम’, ‘एन’ला 5, ‘आर’ला 6. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य भरायचं.

आमचं आडनाव घ्या. ‘आर’चे 6, ‘डी’चे 3, मग ‘सी’ असो की ‘के’ असो, 2. ‘एस’ने लिहा, ‘एक्स’ने लिहा, ‘सीएच’ने लिहा, ‘एसएच’ने लिहा, पाठीमागे 632च येतात. त्या पोराने केलेल्या हिरोडकराचेसुद्धा 632! मी चहा पीत होतो, कप खाली ठेवला. नाईक नव्या पद्धतीने लिहा की जुन्या, एन-200. प्रभू आणि पोरोबो दोन्ही पी-610. कामताचं तेवढं जुळत नाही, कारण ‘कामोतीं’च्या शेवटी नाकातला ‘एम’ आहे आणि त्याचे 5 जादा पडतात. शिवाय एक ‘के’ने सुरू आणि एक ‘सी’ने. तिथेच या युक्तीची लंगडी बाजू दिसते. अमेरिकन माणसाने पहिल्या अक्षरावर भरवसा ठेवला, आणि गोव्यात नेमकं पहिलंच अक्षर दगा देतं. भाचीला मी म्हटलं, पहिलं अक्षर रोमी ठेवूच नको, देवनागरी ठेव. श-632. ती हसली, पण तिने वहीत लिहून घेतलं.

खरं तर आपल्याकडे जनगणनेचे जुने तक्ते हाताशी असते तर एवढी धडपड नको होती. पोर्तुगीज सरकारने 1900 पासून 1960 पर्यंत दर दहाएक वर्षांनी खानेसुमारी केली. शेवटच्या खेपेला गोव्यात सहा लाखांच्या आत माणसं भरली. पण लायब्ररीत मिळतात ती आकड्यांची छापील पुस्तकं, त्यात विष्णू शिरोडकर कुठला! आणि भारतात 1948चा जनगणना कायदा आहे, त्याच्या 15व्या कलमाप्रमाणे माणसांच्या नावानिशी भरलेले तक्ते कोणालाही बघायला मिळत नाहीत. इंग्लंडात ते शंभर वर्षांनी उघडतात, अमेरिकेत 72 वर्षांनी. माझे गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातले एक स्नेही आहेत, त्यांचे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी. 1911च्या ब्रिटिश खानेसुमारीत बंदरात उभ्या असलेल्या बोटींवरच्या खलाशांचीही नावं घेतली गेली होती, त्यात त्यांना आजोबा सापडले. पण दीड वर्ष सापडत नव्हते, कारण फर्नांडिसच्या शेवटी ‘एस’ शोधत बसले होते आणि इंग्रज मोजणीवाल्याने घातला होता ‘झेड’, स्पॅनिश लोक लावतात तसा. स्नेही म्हणाले, “आमचो शापाय स्पॅनिश जालो मरे!” त्यांचं दुसरं एक गोत्र ‘दे सौझा’. ते कधी ‘डी’खाली असतं, कधी ‘एस’खाली, आणि दोन्हीकडे बघितल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नसतं.

स्पेलिंगच्याही आधीचा एक घोळ आहे, आणि तो कुठल्याच संगणकाला सुटणार नाही. शिरोड्यात राहणाऱ्याला शिरोडकर म्हणण्याचं कोणाला कारण काय? गाव सोडून दुसरीकडे गेलो तेव्हा तिथल्यांनी आम्हाला शिरोडकर केलं. गावात आम्ही नाईक होतो. देवळाच्या महाजनांची जी यादी 1933च्या माझानियांच्या (देवस्थान संस्थांच्या) कायद्याप्रमाणे झाली, तिच्यात आजोबांच्या चुलत्यांच्या नावापुढे ‘नाईक’ एवढंच आहे. शिरोडकर शोधत मी ती यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली होती! आणि शिरोडं तरी एक आहे का? आमचं फोंडा तालुक्यातलं, कामाक्षीचं. दुसरं वेंगुर्ल्याजवळचं, 1930च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. मुंबईत भेटणारा शिरोडकर यांतल्या कुठल्याचा, हे आडनाव सांगत नाही. आमच्या शिरोड्याला तर विधानसभेच्या मतदारसंघाच्या यादीत आजही ‘एच’ नाही, नुसता ‘एस’. कामाक्षी स्वतः सासष्टीतल्या रायहून इथे आली. तिच्याबरोबर आम्हीही आलो असलो, तर त्याआधी शिरोडकर नक्कीच नव्हतो.

बायकांचं तर विचारूच नका. आजीचं माहेरचं नाव गोपिका, लग्नात बदलून रुक्मिणी. वडिलांच्या जन्मनोंदीत आई म्हणून गोपिका आहे, धाकट्या आत्याच्या नोंदीत रुक्मिणी. कचेरीतल्या साहेबांनी मला सरळ विचारलं, आजोबांना दोन बायका होत्या का? आजीने हे ऐकलं असतं तर त्या साहेबांना उठाबशा काढायला लावल्या असत्या.

सगळ्यात सरळ उत्तर मला मिळालं ते नाशिकला. भाचीच्या मुलाच्या मुंजीनंतर गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, गाव कुठलं आणि देव कुठला. शिरोडं, अंत्रूज (म्हणजे फोंडा महाल), कामाक्षी म्हटल्यावर त्यांनी आतून लांबट वही आणली, लाल फडक्यात गुंडाळलेली. पानं आडवी, अक्षर मोडी. त्यांनीच वाचून दाखवलं : “विष्णू बिन रामा नाईक शिरोडकर, बंधू भिकू, बहीण काशी.” खाली आजोबांची सही, बाळबोध, थोडी थरथरलेली. ती सही मी बोटाने गिरवली. लेखनिकाच्या कानातून आणि कंत्राटी पोराच्या डोळ्यांतून न गेलेलं आमचं आडनाव मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. नाईकही तिथेच, शिरोडकरही तिथेच.

आता सरकारला माझं सांगणं. जुनी पुस्तकं स्कॅन करून संगणकावर चढवणं चाललंय ते चांगलंच आहे. वाळवी थांबत नाही आणि फोंड्याचा पाऊसही थांबत नाही. पण नोंद टाकताना पुस्तकात आहे तसंच अक्षर न् अक्षर टाका. ‘सी’ असेल तर ‘सी’, ‘नाराना’ असेल तर ‘नाराना’. सुधारू नका. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर, ज्यांनी कित्येक वर्षं गोव्याचं पुराभिलेखागार सांभाळलं, त्यांच्या पोर्तुगीज ग्रंथांवर नाव छापलं आहे त्यात दोन ‘एस’ आहेत आणि ‘सी’च्या आधी एक ‘एन’ आहे, ‘पिसुर्लें’ या गावच्या नावातला नाकातला उच्चार धरून. उद्या कोणी तो ‘एन’ चूक समजून काढून टाकला, तर त्यांची पुस्तकं त्यांच्याच दप्तरखान्यात सापडायची नाहीत.

शेजारी दुसरा रकाना ठेवा, देवनागरीचा. रोमीतली पाचही रूपं तिथे एका ओळीत येऊन बसतात. तिथेही शेणवी, शेणै, शेणॉय असे फाटे फुटतात, नाही असं नाही, पण पाचाचे दोन होणं काही वाईट नाही. हे काम करायला जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी आणि कोकणी-मराठी कान असलेली माणसं लागतील. तशी माणसं अजून आहेत, माझ्या वयाची, घरी बसून मासळीचे भाव विचारणारी. बोलवा, चहावर येतील. शोधताना नाव, बापाचं नाव आणि गाव या तिघांवरूनही शोधता यायला हवं, जुन्या सूचीत होतं तसं. आणि पानाचं चित्र नोंदीशेजारी दाखवा, म्हणजे ‘एच’ की ‘एक्स’ हे ज्याचा आजोबा आहे त्याला बघता येईल. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचे कागद जमवणारी पोरं तालुक्या-तालुक्यांतून रांगा लावून उभी आहेत, त्यांचे यात किती पैसे आणि किती प्रतिज्ञापत्रं जातात ते कुठल्याही नोटरीला विचारा. मलाही सांगण्यात आलं, “शिरोडकर आणि हिरोडकर एकच व्यक्ती” असं शपथेवर लिहून द्या. मी नकार दिला. हिरोडकर नावाची व्यक्ती कधी नव्हतीच, तर शपथ कसली घेऊ? दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, पुस्तकातल्या पानाची प्रत जोडून. पोच मिळाली आहे.

जाता जाता वाचकांना एक विचारायचं आहे. नाशिकच्या वहीतला तो भिकू, आजोबांचा धाकटा भाऊ. घरात बोललं जायचं की तो गिरगावात कुठल्याशा खाणावळीत कामाला लागला आणि परत आला नाही. तो नाईक म्हणून राहिला असेल, शिरोडकर म्हणून, किंवा नुसता गोवेकर म्हणूनही. कोणाच्या घरी पणजोबा भिकू, बाप रामा, बहीण काशी, कुलदेवता शिरोड्याची कामाक्षी, असं काही सांगितलं जात असेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. स्पेलिंग कुठलंही चालेल.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
फोंडा